नाकातली नळी घरी आली, आता?

डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी संपली की खाली एक ओळ असते : 'आर.टी. फीड २०० मिली, दर दोन तासांनी.' त्या दिवशी निघायची गडबड असते. बिल भरायचं असतं, ॲम्ब्युलन्स खाली उभी असते. सिस्टर एकदा करून दाखवतात, तुम्ही मान हलवता. मग रात्री आठ वाजता घरी हातात ती भली मोठी सिरिंज धरून उभं राहिल्यावर लक्षात येतं, की आपल्याला यातलं काहीच येत नाही आणि आता हाक मारायला सिस्टर नाहीत.

आजचा लेख त्या आठ वाजताच्या तुमच्यासाठी.

मी तालुक्याच्या गावात फिजिशियन म्हणून काम करतो. घरी जाऊन पेशंट बघणं अजून सोडलेलं नाही, त्यामुळे नाकात नळी असलेले पेशंट मी वॉर्डपेक्षा त्यांच्या माजघरात जास्त पाहिले आहेत. शिवाय चार वर्षांपूर्वी माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला आणि सात आठवडे आमच्याही घरात ही नळी होती. सकाळी सहाचं आणि रात्री दहाचं फीड माझ्याकडे असायचं. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं डॉक्टर म्हणून आहे आणि थोडं मुलगा म्हणून.

आधी भीतीचं बोलू. नाकात नळी दिसली की भेटायला येणारे लोक आवाज खाली आणतात, दारातूनच डोळ्याला पदर लावतात. नळी म्हणजे शेवट, असा एक समज घट्ट बसलेला आहे. खरं तर ती जेवण पोहोचवायची पर्यायी वाट आहे. पक्षाघातात हातपाय जसे लुळे पडतात, तसेच गिळण्याचे स्नायूही पडतात. घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका अगदी शेजारी आहेत. घास जाताना श्वासनलिकेचं झाकण क्षणभर मिटावं लागतं. ही वेळ चुकू लागली की घास आणि पाणी फुप्फुसात उतरतं, आणि न्यूमोनिया होतो. पक्षाघातानंतर माणूस दगावण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. बऱ्याच पेशंटची गिळण्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत परत येते. तोवर पोट रिकामं राहू नये म्हणून नळी.

नळीला आम्ही राइल्स ट्यूब म्हणतो, जॉन राइल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांच्या नावावरून. मेडिकलमध्ये 'आर.टी. सोळा नंबर' म्हटलं की देतात. मीटरभर लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक, टोकाजवळ बाजूला भोकं आणि टोकात धातूचे छोटे मणी, म्हणजे एक्स-रेत टोक कुठे आहे ते दिसतं. घालायच्या आधी नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नळी धरून माप घेतात. पेशंटला बसवून, जेली लावून, ज्या नाकपुडीतून श्वास मोकळा आहे तिच्यातून ती हळूहळू सरकवतात. घशाशी आली की उमाळा येतो, डोळ्यांतून पाणी येतं. शुद्धीत असलेल्या पेशंटला हनुवटी छातीकडे घेऊन गिळायला सांगतात आणि नळी गिळण्याबरोबर खाली उतरते. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्या दोन मिनिटांत तुम्ही पेशंटचा हात धरून उभे राहिलात तर त्याला फार बरं वाटतं.

नळी घालण्याचं काम नातेवाइकांनी स्वतः शिकून करू नये, असं माझं मत आहे. व्हिडिओ बघून तर नाहीच. शिकलेली सिस्टर किंवा ब्रदर घरी येऊन घालत असतील तर हरकत नाही. मात्र रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, चेहऱ्याला किंवा डोक्याला मार लागलेला असेल, नाक, घसा किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेलं असेल, लिव्हरच्या आजारामुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतील, तर हॉस्पिटलमध्येच जा.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नळी जठराऐवजी श्वासनलिकेत गेली आणि कुणी त्यातून दूध सोडलं, तर ते थेट फुप्फुसात जातं. तुम्ही म्हणाल, तिकडे गेली तर ठसका लागेल की! धडधाकट माणसाला लागेलच. पण पक्षाघाताच्या, अर्धवट शुद्धीतल्या किंवा फार अशक्त पेशंटची ठसका लागण्याची ताकदच गेलेली असते. नळी चुकीच्या वाटेने जाते आणि पेशंट शांत पडून राहतो. म्हणून 'खोकला आला नाही, म्हणजे बरोबर बसली' हे गृहीत धरू नका.

आपल्याकडे सर्रास दोन परीक्षा केल्या जातात. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने 'घुर्र' असा आवाज ऐकायचा, किंवा नळीचं बाहेरचं टोक वाटीतल्या पाण्यात धरून बुडबुडे येतात का बघायचे. दोन्ही भरवशाच्या नाहीत. नळी फुप्फुसात असली तरी हवेचा आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने तर हवेच्या आवाजावर विसंबू नका, असं स्पष्ट बजावलेलं आहे. खात्रीचे मार्ग दोन. एक एक्स-रे, आणि दुसरा, नळीतून सिरिंजने ओढलेला द्राव पीएच मोजायच्या कागदी पट्टीवर टाकून बघणं. पीएच ५.५ किंवा त्याहून कमी आला तर नळी जठरात आहे असं मानतात. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर जठरात असूनही तो जास्त येऊ शकतो, मग एक्स-रे. जिना उतरवून पेशंटला एक्स-रेला न्यायचं म्हणजे चार माणसं लागतात, मला ठाऊक आहे. तरीही नव्याने घातलेल्या नळीबद्दल शंका असेल, तर त्या चार माणसांना फोन करा.

नळी एकदा बरोबर बसली की तशीच राहील याचीही खात्री नाही. जोराचा खोकला, उलटी, कूस बदलताना पडलेली ओढ, एवढ्याने ती सरकते. म्हणून पहिल्याच दिवशी नाकपुडीशी नळीवर मार्करने खूण करा. नळीवर सेंटिमीटरचे आकडे असतात; नाकाशी कोणता भाग आहे ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवा. प्रत्येक फीडच्या आधी तीन गोष्टी बघायच्या : खूण जागेवर आहे का, तोंड उघडून घशात नळीचं वेटोळं झालंय का, आणि सिरिंजने ओढल्यावर जठरातला द्राव येतो का. काहीच आलं नाही तर पेशंटला डाव्या कुशीवर करून थोड्या वेळाने पुन्हा ओढून बघा. मागच्या फीडचं बरंचसं दूध तसंच बाहेर आलं, तर पुढचं फीड तासभर लांबवा. खूण सरकलेली दिसली तर फीड नाही, पाणी नाही, औषधही नाही. आणि नळी स्वतः आत ढकलायची नाही. आहे तिथे पट्टी लावून फोन करायचा.

आमच्या घरात रात्रपाळीला येणाऱ्या मावशी सुरुवातीला मला हसायच्या. 'डॉक्टर असून दर वेळेला पट्टी वाचता?' तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यांनीच मला दारात अडवून सांगितलं, की खूण चार बोटं बाहेर आलीय, मी दूध थांबवलंय. त्या दिवसापासून त्या घरात मी निर्धास्त झोपलो.

दुसरी गोष्ट डोक्याची उंची. फीड देताना आणि नंतर निदान अर्धा ते एक तास पेशंटचं डोकं आणि पाठ ३० ते ४५ अंशांवर हवी. नुसत्या उशा डोक्याखाली कोंबल्या तर मान दुमडते आणि धड घसरतं. पाठीला आधार हवा. हॉस्पिटलची कॉट भाड्याने मिळते. नाही मिळाली तर पलंगाच्या डोक्याकडचे पाय विटांवर घेऊन पाठीमागे गादी दुमडून घाला. नळी आहे म्हणजे आता काही फुप्फुसात जाणार नाही, अशी समजूत करून घेऊ नका. पोटातलं वर येऊ शकतं, लाळही जाऊ शकते.

सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवा, नळी चिमटीत दाबून नळकांडं जोडा, त्यात फीड ओता आणि पेशंटच्या डोक्याच्या थोडं वर धरा. आपोआप उतरलं पाहिजे. २०० मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागू द्या. घाईत दट्ट्याने ढकलाल तर उलटी होईल. आधी आणि नंतर ३० मिली पिण्याचं पाणी सोडायचं, आणि झाकण लावायचं. फीड चालू असताना खोकला, धाप, ओठ निळे पडणं, घशात गुरगुर, यातलं काहीही दिसलं की तिथेच थांबा.

आणि फीडमध्ये काय? इथे मला थोडं रागावायचं आहे. 'डॉक्टर, वरणाचं पाणी देतोय, नारळपाणी देतोय, ज्यूस देतोय.' महिन्याभरात पेशंटची हाडं दिसायला लागतात आणि घरचे म्हणतात, एवढं देतोय तरी अंगाला लागत नाही. लागणार कसं? गाळून घेतलेल्या वरणाच्या पाण्यात जेवण असतंच किती! ५० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १२५० ते १५०० कॅलरी लागतात. २०० मिली टोन्ड दुधात १२०च्या आसपास असतात, नारळपाण्यात त्याहून खूप कमी. म्हणजे सात वेळा नुसतं दूध दिलं तरी माणूस अर्धपोटीच. महागड्या पावडरींची सक्ती नाही, परवडत असतील तर जरूर वापरा. घरचंच पण दाट हवं : मूगडाळ आणि तांदूळ मऊ शिजवून, मिक्सरमधून अगदी बारीक करून गाळणीने गाळलेली पेज, त्यात चमचाभर तेल किंवा तूप. एका लहान चमचा तेलात ४५ कॅलरी असतात, नळीला त्याचं ओझं होत नाही. दुधातली नाचणीची लापशी, घुसळलेलं दही, चालत असेल तर पूर्ण शिजवलेलं अंडं बारीक करून. नळीतून सहज उतरेल इतकंच पातळ करायचं, गंमत सगळी तिथेच आहे. मधुमेह, किडनी, लिव्हर यांचा त्रास असेल तर प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. किडनीच्या पेशंटला नारळपाणी घातक ठरू शकतं.

मीठ विसरू नका. चव कुणी घेत नाही, त्यामुळे फीड अळणी राहतंय हे कुणाला कळतच नाही. दूध, साखर, फळांचा रस असं आठवडेच्या आठवडे चाललं की रक्तातलं सोडियम उतरतं. पेशंट सुस्तावतो, बडबडतो, कधी झटका येतो, आणि घरच्यांना वाटतं पुन्हा पक्षाघात झाला. अशा पेशंटच्या घरी गेलो की मी नाडी बघायच्या आधी विचारतो, 'फीडमध्ये मीठ घालता का?' ब्लडप्रेशरसाठी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर किती घालायचं ते विचारून घ्या, पण शून्य मीठ हे कुणीच सांगितलेलं नसतं.

केलेलं फीड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रीजमध्ये झाकून त्याच दिवसापुरतं, आणि देताना साध्या तापमानाला आणून. जुलाब लागले तर पहिला संशय भांड्यांवर आणि सिरिंजवर घ्या.

औषधांचं एक बघा. प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, पाण्यात विरघळवायची, दोन गोळ्यांच्या मध्ये थोडं पाणी सोडायचं. सगळ्या एकत्र कुटून फीडमध्ये कालवू नका. ज्या गोळ्यांच्या नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असतं त्या कुटायच्या नाहीत; दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम रक्तात येतं. जठरात विरघळू नये म्हणून वेष्टन दिलेल्या गोळ्याही तशाच. डॉक्टरांना यादी दाखवा, बहुतेकांना पर्याय असतो. फिट्सच्या फेनिटॉइनचं शोषण फीडमुळे कमी होतं, म्हणून आधी-नंतर किती वेळ फीड थांबवायचं ते विचारून ठेवा. आणि इन्सुलिन! इन्सुलिन देऊन झालं आणि मग लक्षात आलं की नळी निघालीय, तर पोटात काही जाणार नाही आणि साखर घसरेल. त्यामुळे आधी नळी तपासायची, मगच इन्सुलिन. नळी निघाली म्हणून एखादं फीड चुकलं तर आभाळ कोसळत नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी गेली असेल तर मात्र थांबू नका, लगेच साखर तपासा आणि डॉक्टरांना फोन करा.

नळी तुंबली तर कोमट पाणी मोठ्याच सिरिंजने हलकेच आत-बाहेर करा. छोट्या सिरिंजने जोर लावला तर दाब वाढून नळी फाटते. तार घालू नका. कोल्ड्रिंकचा उपाय कुणी सांगेल, पण तो कोमट पाण्याहून सरस नाही. साधी प्लास्टिकची नळी जठरातल्या आम्लाने कडक होते, ती एक-दोन आठवड्यांत बदलावी लागते, आणि बदलताना दुसऱ्या नाकपुडीतून घालतात. पॉलियुरेथेनची किंवा सिलिकॉनची महाग पडते पण महिनाभर आणि जास्तही टिकते, टोचतही कमी. नाकावरची पट्टी रोज बदला आणि नाकपुडीची कड लाल झालीय का बघा. नळीच्या दाबाने तिथे जखम होते. तोंडाने खात नाहीत म्हणून दात घासणं बंद, असं बहुतेक घरांत होतं. उलट दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात आणि जीभ साफ करा, ओठांना तूप लावा. घाण तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तर तीही न्यूमोनिया करते.

ओढलेल्या द्रावात कॉफीसारखा रंग, डांबरासारखी काळी शी, टम्म फुगलेलं पोट, पुन्हा पुन्हा उलट्या, ताप आणि धाप, यासाठी सकाळची वाट बघायची नाही.

आता चहा. आमच्या आईला तिसऱ्या आठवड्यात बोलता यायला लागलं आणि तिने पहिलं काय मागितलं असेल, तर चहा. मी नाही म्हटलं. तिने माझ्याकडे पाठ केली. मग माझी मावशी आली आणि म्हणाली, 'अरे, दोन चमच्यांनी काय होतंय? तिच्या जिवाला किती बरं वाटेल.' असं म्हणणारी मावशी प्रत्येक घरात असते आणि तिचं प्रेम खोटं नसतं. पण चहा आणि पाणी हेच गिळायला सगळ्यात अवघड, कारण पातळ पदार्थ घशातून वेगाने उतरतो आणि झाकण मिटायला उशीर झाला की सरळ श्वासनलिकेत. ठसका लागत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं पचलं. चार दिवसांनी ताप येतो. आईसाठी आम्ही चहात बुडवून पिळलेला कापसाचा बोळा तिच्या जिभेवर आणि ओठांवरून फिरवायचो. चव मिळायची, गिळायला काही नसायचं. तेही आधी गिळण्याची तपासणी करणाऱ्यांना विचारून. आठवडाभर ती रुसलेलीच होती.

उलट बाजूही तितकीच खरी. एकदा नळी घातली की ती कधी काढायची हे कुणी विचारतच नाही. पेशंट बोलायला लागला, लाळ स्वतः गिळतोय, खोकला जोरकस झालाय, तरी तीन महिने नळी तशीच. दर दोन आठवड्यांनी डॉक्टरांना स्वतःहून विचारा, गिळणं पुन्हा तपासता येईल का? शहरात स्पीच थेरपिस्ट हे काम करतात. आमच्यासारख्या ठिकाणी ते मिळणं कठीण, पण जिल्ह्याच्या ठिकाणी एक चक्कर मारण्याइतकं ते मोलाचं आहे. चार-सहा आठवड्यांनंतरही नळी लागणार असं दिसत असेल, तर पोटावरून थेट जठरात बसवायच्या 'पेग' नळीचा विचार करतात. दुर्बिणीतून छोटं काम असतं, नाक मोकळं होतं, आणि ती सहजासहजी निघत नाही. आईच्या वेळी पाचव्या आठवड्यात तो विषय निघाला होता, पण तोवर गिळणं सुधारत होतं म्हणून आम्ही थांबलो.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र नळीत नसतं. एका शेतकरी कुटुंबातल्या आजींनी आपल्या यजमानांकडे बघत मला विचारलं होतं, 'नाकातनं घालून किती दिस जगवायचं ओ डॉक्टर?' आजोबांचा स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यावर होता, ते कुणालाच ओळखत नव्हते आणि नळी रोज उपटत होते. मुलांनी त्यांचे हात पलंगाला बांधले होते. या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने २०१४ साली अशा पेशंटना नळीऐवजी हाताने जपून भरवण्याचा सल्ला दिला. घरच्यांना वाटतं, नळी नाही म्हणजे आपण बापाला उपाशी मारतोय. आयुष्याच्या अखेरीला शरीराची भूकच मावळते, हे त्यांना कुणीतरी बसून, वेळ देऊन सांगायला हवं. आम्ही हात सोडले, नळी काढली, धोका समजावून सांगून चमच्याने मऊ, जेवढं घेतील तेवढं सुरू केलं. आजोबा त्यानंतर पाच आठवडे होते. हे मी सगळ्यांना लागू करत नाही. पक्षाघाताच्या पहिल्या महिन्यात, किंवा तोंडाच्या कॅन्सरची रेडिएशन चालू असताना नळी नाकारणं मला पटणार नाही. पण नळी घालायच्या आधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे : ही कशासाठी, आणि किती दिवस?

शेवटी, नळी काढायचा दिवस. गिळण्याच्या तपासणीत पास झाल्यावर नळी चिमटीत दाबून एका दमात काढतात. दाबायची अशासाठी, की आतलं दूध घशात ठिबकू नये. त्यानंतरचे आठ-दहा दिवस सगळं मऊ, दाटसर, एकजीव : घट्ट दही, कुस्करलेलं केळं, मऊ शिरा, घोटलेली खिचडी. फरसाण, चुरमुरे, कोरडी भाकरी नको. पातळ आमटीत भाताची शितं तरंगताहेत असा घासही नको, घशाला एकाच वेळी दोन कामं पडतात. पेशंट ताठ बसलेला, टीव्ही बंद, छोटा चमचा, हनुवटी किंचित खाली, एक घास पूर्ण उतरल्यावरच दुसरा. पाणी आणि चहा सगळ्यात शेवटी, तेही थेरपिस्टनी हो म्हटल्यावर, चमच्याने.